मातीचे मन जाणणारा अभियंता : कार्ल टेरझागी

पेणहून रोह्याकडे निघालेली गाडी कासू आणि नागोठणे मागे टाकते, तेव्हा खिडकीबाहेरची जमीन सतत रूप बदलत असते. एका बाजूला खाडीच्या भरतीने भिजणारी खाजणे आणि बांध घालून राखलेली खारभूमी, तर दुसऱ्या बाजूला मुरमाचे लालसर उतार आणि त्यामागे सह्याद्रीचा काळा कातळ. प्रवाशाच्या दृष्टीने हा केवळ देखावा असतो. या जमिनीवर पूल, रस्ता किंवा कारखाना उभारणाऱ्याच्या दृष्टीने मात्र तो एक अवघड प्रश्न असतो. इथली माती किती भार पेलेल, किती खचेल आणि कधी दगा देईल?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी बांधकामाच्या जागी सर्वांत आधी एक तिवई उभी राहते. जमिनीत बोअर घेतले जाते, त्यात पोलादी नळी सोडली जाते आणि साडेत्रेसष्ट किलोचे वजन पाऊण मीटरवरून पुन्हा पुन्हा तिच्या दांड्यावर आदळते. पहिले 15 सेंटिमीटर सोडून पुढचे 30 सेंटिमीटर नळी आत जाण्यास किती ठोके लागले, हे शेजारी उभा असलेला माणूस मोजून वहीत लिहितो. एवढ्या साध्या आकड्यावर कोट्यवधी रुपयांच्या बांधकामाचा पाया ठरतो. ठोके मोजणाऱ्याला कदाचित ठाऊकही नसेल, पण त्या आकड्याला शास्त्रात अर्थ मिळवून देणारा माणूस मध्य युरोपात जन्मला, तुर्कस्तानात त्याला शास्त्राची किल्ली सापडली आणि अमेरिकेत त्याचा अंत झाला. मृदा यांत्रिकीचा जनक म्हणून जगभरातील स्थापत्य अभियंते ज्याचे नाव घेतात, तो हा कार्ल टेरझागी.

सैनिकी घरातील बंडखोर मुलगा

टेरझागी यांचा जन्म 2 ऑक्टोबर 1883 रोजी प्राग शहरात झाला. ते शहर त्या काळी ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात मोडत होते. वडील लष्करात अधिकारी होते आणि मुलानेही तीच वाट धरावी, अशी घराण्याची रीत होती. वयाच्या दहाव्या वर्षी त्याची रवानगी लष्करी निवासी शाळेत झाली. तथापि, मुलाचे मन कवायतीपेक्षा भूगोल आणि खगोलशास्त्रात अधिक रमले. पुढे 1900 मध्ये तो ग्राझ येथील तंत्र विद्यापीठात यंत्र अभियांत्रिकी शिकण्यासाठी दाखल झाला.

विद्यार्थी म्हणून तो आदर्श मुळीच नव्हता. त्याच्या उनाडपणामुळे विद्यापीठातून हकालपट्टी होण्याची वेळ आली होती. ती कशीबशी टळली आणि 1904 मध्ये तो सन्मानाने पदवीधर झाला. नंतर सक्तीच्या लष्करी सेवेचे एक वर्ष आले. त्या वर्षात त्याने एका इंग्रजी भूशास्त्रीय मार्गदर्शिकेचे जर्मन भाषांतर केले आणि त्यात स्वतःची बरीच भर घातली. यंत्रांचे शिक्षण घेतलेला हा तरुण यंत्रांकडून खडकांकडे आणि खडकांकडून मातीकडे वळला, त्याची ही सुरुवात होती.

अपयशाची शिदोरी

व्हिएन्नातील एका बांधकाम कंपनीत टेरझागी यांनी नोकरी धरली. जलविद्युत प्रकल्प हा त्या कंपनीचा विशेष होता. क्रोएशियातील चुनखडीच्या प्रदेशात आणि नंतर रशियात सेंट पीटर्सबर्ग येथे त्यांनी काम केले. या काळात एक गोष्ट त्यांच्या मनाला सतत टोचत राहिली. पोलादाचा तुळया किती भार घेईल, हे अभियंता कागदावर आकडेमोड करून सांगू शकत होता. ती तुळई ज्या जमिनीवर उभी राहायची, तिच्याबद्दल मात्र सारा कारभार अंदाजाने चालत असे. भिंती कलत, धरणांखालून पाणी झिरपे, भराव रातोरात घसरत आणि अशा प्रत्येक अपघातानंतर खापर दैवावर फोडले जाई.

याचे उत्तर अनुभवांच्या संग्रहात सापडेल, अशी त्यांची समजूत होती. डॉक्टरेट मिळाल्यावर 1912 मध्ये ते अमेरिकेला गेले. पश्चिम अमेरिकेत तेव्हा मोठमोठी धरणे बांधली जात होती. त्यांनी कामामागून कामे पाहिली, मातीच्या नोंदी जमवल्या आणि टिपणांचा ढीग घेऊन डिसेंबर 1913 मध्ये ते मायदेशी परतले. परंतु त्या ढिगातून शास्त्र काही निघेना.

या अपयशाचे कारण त्यांना उमगले, ते मात्र मोलाचे ठरले. नोंदवह्यांमध्ये चिकणमाती, वाळू, गाळ अशी नावे होती, पण एकाच नावाखाली पूर्णतः भिन्न स्वभावाच्या माती दडलेल्या होत्या. एका गावची चिकणमाती डोंगरासारखी इमारत पेलत होती, तर दुसऱ्या गावची तिच्या निम्म्या भाराखाली खचत होती. नाव सारखे असले म्हणून गुण सारखे नसतात. मातीला नावाने नव्हे, तर मापाने ओळखावे लागेल, या निष्कर्षाशी ते येऊन ठेपले. पेण-रोह्याच्या भागात हाच अनुभव आजही येतो. मुरूम म्हणून एकच शब्द वापरला जातो. परंतु कुदळीने न फुटणारा मुरूम आणि पावसाळ्यात बोटाने कालवता येणारा मुरूम यांच्यात जमीन-अस्मानाचे अंतर असते.

बॉस्फरसच्या काठची प्रयोगशाळा

पहिले महायुद्ध पेटले आणि टेरझागी यांना गणवेश चढवावा लागला. सर्बियाच्या आघाडीवर आणि नंतर व्हिएन्नाजवळच्या अस्पर्न विमानतळावर त्यांनी काम केले. ऑस्ट्रिया आणि तुर्कस्तान त्या युद्धात एका बाजूला होते. त्यामुळे 1916 मध्ये त्यांची नेमणूक इस्तंबूलच्या अभियांत्रिकी विद्यालयात प्राध्यापक म्हणून झाली. तिथे त्यांनी मातीचा भिंतीवर पडणारा दाब मोजण्यास प्रारंभ केला.

1918 मध्ये युद्ध हरल्यावर ही नोकरी गेली. परक्या शहरात, हातात पैसा नसताना, बॉस्फरसच्या काठावरील रॉबर्ट कॉलेज या अमेरिकी संस्थेने त्यांना आसरा दिला. पगार तुटपुंजा होता आणि प्रयोगशाळा जवळपास नव्हतीच. टेरझागी यांनी टाकाऊ सामानातून आणि सिगारच्या खोक्यांसारख्या वस्तूंमधून उपकरणे जुळवली. कोणकोणते प्रयोग करायचे, याची यादी त्यांनी एका कागदावर लिहून काढली आणि पुढची काही वर्षे ते त्या यादीच्या मागे लागले.

मातीची चकती एका कड्यात घट्ट बसवायची, वर-खाली पाणी निघून जाण्यास सच्छिद्र दगड ठेवायचे आणि वरून भार देऊन ती चकती किती व किती वेळात दबते, हे पाहायचे, असा त्यांतील मुख्य प्रयोग होता. वाळूची चकती क्षणात दबून थांबे. चिकणमातीची चकती तासन्‌तास, कधी दिवसभर, हळूहळू दबत राही. भार तोच असताना चिकणमाती एवढा वेळ का घेते, या प्रश्नातून एका नव्या शास्त्राचा जन्म झाला.

भार कोण उचलतो?

टेरझागी यांचे उत्तर समजण्यास कठीण नाही. पाण्याने भरलेल्या भांड्यात एक स्प्रिंग उभी आहे आणि वर घट्ट बसणारे, बारीक छिद्राचे झाकण आहे, अशी कल्पना करावी. झाकणावर वजन ठेवताच प्रथम सारा भार पाणी उचलते, कारण त्याला लगेच बाहेर पडता येत नाही. छिद्रातून थेंबाथेंबाने पाणी निघू लागते, तसतसा भार स्प्रिंगवर येतो आणि झाकण खाली जाते. ओली चिकणमाती म्हणजे हेच भांडे. मातीचे कण ही स्प्रिंग आणि कणांमधले पाणी हे भांड्यातील पाणी.

याचा अर्थ असा, की जमिनीवर पडणारा एकूण भार कण आणि पाणी यांच्यात वाटला जातो. मातीचे बळ फक्त कणांनी उचललेल्या वाट्यावर अवलंबून असते. पाण्याचा दाब वाढला, की कणांची एकमेकांवरील पकड तेवढीच सैल होते. यालाच प्रभावी ताणाचे तत्त्व म्हणतात. टेरझागी यांनी 1923 मध्ये माती दबण्याच्या क्रियेचे गणित प्रसिद्ध केले आणि 1925 मध्ये त्यांचा मृदा यांत्रिकीवरील जर्मन ग्रंथ बाहेर पडला. आजचे सारे भूतांत्रिकी शास्त्र या दोन प्रकाशनांच्या पायावर उभे आहे.

या गणिताचा एक निष्कर्ष रायगडच्या किनारपट्टीला विशेष लागू पडतो. चिकणमातीचा थर दुप्पट जाड असेल, तर तो दबण्यास दुप्पट नव्हे, तर चौपट वेळ लागतो. पाण्याला बाहेर पडण्यासाठी जितके लांब जावे लागते, तितका हा काळ वर्गाच्या पटीत वाढतो. धरमतर खाडीलगतच्या मऊ सागरी चिखलावर रस्त्याचा भराव घातला आणि वर्षभरात डांबर टाकले, तरी खालचा थर पुढे कित्येक वर्षे दबत राहू शकतो. पुलाचा खांब कातळापर्यंत पोहोचलेला असल्याने जागचा हलत नाही. त्याला टेकलेला भराव मात्र खाली बसतो आणि पुलावर चढताना वाहनाला दणका बसतो. प्रवासी ठेकेदाराला दोष देतात. काही वेळा तो खराही असतो, पण पुष्कळदा हे कणांमधल्या पाण्याचे काम असते.

उपायही त्याच गणितातून निघाला. थरात जवळजवळ अंतरावर उभे निचरामार्ग सोडले, की पाण्याला वरपर्यंत प्रवास न करता आडव्या दिशेने थोडेच अंतर जावे लागते आणि वर्षांचे काम महिन्यांवर येते. रायगड जिल्ह्यातीलच न्हावाशेवा बंदराच्या मऊ चिखलात ही पद्धत वापरण्यात आली.

पेणच्या गणपती कारखान्यांत या तत्त्वाचे घरगुती रूप पाहायला मिळते. शाडूची मूर्ती सावलीत सावकाश वाळवावी लागते. पाणी घाईने निघाले, तर माती आक्रसते आणि तडे जातात. माती कामाजोगी झाली की नाही, हे कारागीर बोटांमध्ये वळून ओळखतो. स्वीडनचे रसायनशास्त्रज्ञ आल्बर्ट अॅटरबर्ग यांनी विसाव्या शतकाच्या प्रारंभी नेमकी हीच कृती मोजमापात आणली. मातीची सुमारे 3 मिलिमीटर जाडीची वळी वळताना ती तुटू लागते, त्या वेळी तिच्यात असलेले पाणी ही तिची एक मर्यादा मानली गेली. टेरझागी आणि त्यांचे सहकारी आर्थर कासाग्रांदे यांनी ही मापे स्थापत्य अभियांत्रिकीत रुजवली.

व्हिएन्नातील वादळ

1925 मध्ये टेरझागी यांना अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीने बोलावले. चार वर्षांनी ते व्हिएन्नाच्या तंत्र विद्यापीठात प्राध्यापक म्हणून परतले. त्याच सुमारास भूशास्त्राच्या अभ्यासक रूथ डॉगेट यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि पुढे त्या त्यांच्या कामातही सहभागी राहिल्या. 1936 मध्ये हार्वर्ड विद्यापीठात मृदा यांत्रिकीची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि तिचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. नवे शास्त्र आता जगाने मान्य केले होते.

नेमक्या याच काळात त्यांच्या आयुष्यातील सर्वांत क्लेशदायक प्रकरण घडले. त्याच विद्यापीठातील प्राध्यापक पाउल फिलुंगर यांनी त्यांच्या सिद्धान्तावर आणि सचोटीवर जाहीर पुस्तिकेतून कडवा हल्ला चढवला. सच्छिद्र पदार्थांतील पाण्याच्या दाबाचा अभ्यास फिलुंगर यांनीही पूर्वी केला होता, त्यामुळे हा वाद केवळ मत्सराचा म्हणून सोडून देता येत नाही. गणिताच्या काटेकोरपणाबाबत त्यांचे काही आक्षेप गंभीर होते. परंतु शास्त्रीय मतभेदाची जागा वैयक्तिक आरोपांनी घेतली. विद्यापीठाने चौकशी समिती नेमली आणि तिचा कौल टेरझागी यांच्या बाजूने लागला. मार्च 1937 मध्ये फिलुंगर आणि त्यांच्या पत्नीने आत्महत्या केली. विजय टेरझागी यांचा झाला, पण तो आनंद मानावा असा नव्हता.

पुढच्याच वर्षी जर्मनीने ऑस्ट्रिया गिळंकृत केला. टेरझागी 1938 मध्ये कुटुंबासह अमेरिकेला गेले, हार्वर्डमध्ये शिकवू लागले आणि 1943 मध्ये त्या देशाचे नागरिक झाले.

ठोक्यांची भाषा

अमेरिकेतील पुढच्या काळात त्यांनी प्रयोगशाळेपेक्षा प्रत्यक्ष जागेला अधिक महत्त्व दिले. शिकागो शहराच्या भुयारी रेल्वेचे काम मऊ चिकणमातीत चालले होते. तिथे त्यांनी राल्फ पेक या तरुण अभियंत्याला हाताशी धरून जमिनीची हालचाल दररोज मोजण्याची व्यवस्था उभी केली. आराखडा एकदा ठरला म्हणून डोळे मिटून पुढे जायचे नाही. जमीन काय सांगते ते पाहत राहायचे आणि गरज पडेल तसा आराखडा बदलायचा, ही त्यांची कार्यपद्धती बनली.

याच काळात त्यांनी बोअरमधील ठोक्यांकडे लक्ष वळवले. जमिनीत नळी ठोकून नमुना काढण्याची रीत अमेरिकेत विसाव्या शतकाच्या आरंभापासून होती. टेरझागी आणि पेक यांनी 1948 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाठ्यग्रंथात या चाचणीला नियमबद्ध स्थान दिले. ठोक्यांची संख्या आणि जमिनीचा कणखरपणा यांची सांगड घालणारे कोष्टक त्यात होते. स्टँडर्ड पेनिट्रेशन टेस्ट हे तिचे नाव तेव्हापासून जगभर रूढ झाले. भारतीय मानकांमध्येही ती आली आणि आज कोकणातील लहान-मोठ्या पुलाचा भूस्तर अहवाल तिच्याविना पूर्ण होत नाही.

त्या कोष्टकानुसार चिकणमातीत दोनपेक्षा कमी ठोके लागले, तर ती अतिशय मऊ समजावी आणि तीसच्या वर गेले तर कडक. खाडीकाठच्या चिखलात अनेकदा ठोका मारण्याचीच गरज पडत नाही. दांड्याच्या स्वतःच्या वजनाने नळी खाली जाते. अशा ठिकाणी ही चाचणी आंधळी ठरते. तिथे चार पात्यांची फुली जमिनीत रोवून ती पिळण्यास किती जोर लागतो, हे मोजावे लागते. कोणत्या जमिनीला कोणत्या भाषेत प्रश्न विचारायचा, हे आधी कळले पाहिजे, असा टेरझागी यांच्या शिकवणीचा रोख होता.

आणखी एक सापळा त्यांनी दाखवून दिला होता. जमिनीवर लोखंडी पाट ठेवून त्यावर भार देण्याची चाचणी सोपी आणि स्वस्त असते. पण त्या पाटाचा दाब त्याच्या रुंदीच्या दीड-दोन पट खोलीपर्यंतच जाणवतो. प्रत्यक्ष इमारतीचा दाब मात्र तिच्या रुंदीच्या प्रमाणात कितीतरी खोल उतरतो. पेणच्या खारपट्ट्यातील भातखाचरे मे महिन्यात वाळून टणक होतात आणि त्यांवरून गाडीही जाते. त्या कवचावर घेतलेली चाचणी उत्तम निकाल देते. त्याखालच्या मऊ गाळाबद्दल ती काहीच सांगत नाही. पिढ्यान्‌पिढ्या खारबंदिस्ती सांभाळणाऱ्या इथल्या शेतकऱ्याला वरची पापडी आणि खालचा चिखल यांतला फरक पायालाच कळतो. शहरातून आलेल्या आराखड्याला तो बोअर घेतल्याशिवाय कळत नाही.

1948 हे वर्ष आणखी दोन कारणांनी लक्षात ठेवण्याजोगे आहे. त्याच वर्षी भारतातील मृदा यांत्रिकीच्या अभ्यासकांची राष्ट्रीय संस्था स्थापन झाली आणि त्याच वर्षी मुंबई प्रांतात खारभूमीचा कायदा झाला. शास्त्र, संस्था आणि कायदा अशा तीन वाटा एकाच वेळी मातीपर्यंत येऊन पोहोचल्या होत्या.

उष्ण कटिबंधाचा धडा

टेरझागी यांच्या आयुष्याच्या उत्तरार्धातील एक प्रसंग कोकणच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे. केनियाची राजधानी नैरोबीला पाणी पुरवण्यासाठी सासुमुआ येथे मातीचे धरण बांधण्यात येत होते. धरणासाठी जी लाल माती उपलब्ध होती, ती ज्वालामुखीच्या खडकाची झीज होऊन बनलेली होती. प्रयोगशाळेत तिची मापे घेतली, तेव्हा अभियंत्यांच्या पोटात गोळा आला. तिच्यात अत्यंत सूक्ष्म कणांचे प्रमाण फार होते, नैसर्गिक ओलावा जास्त होता आणि कितीही ठोकली तरी ती अपेक्षेइतकी घट्ट होत नव्हती. युरोप-अमेरिकेच्या थंड प्रदेशातील मातीवरून बनलेल्या नियमांनुसार अशी माती धरणाला नालायक ठरायला हवी होती.

टेरझागी यांनी ते नियम स्वतःच घडवले होते, तरी ते त्यांना चिकटून बसले नाहीत. त्यांनी मातीचे बळ आणि तिच्यातून झिरपणारे पाणी यांची मापे पाहिली. माती प्रत्यक्षात भक्कम होती. याचे कारण तिच्या घडणीत होते. तिचे सूक्ष्म कण सुटे नसून लोहाच्या संयुगांनी एकत्र बांधलेल्या गुठळ्यांच्या रूपात होते. चाचणीसाठी माती मळताना आणि वाळवताना ही मूळ घडण बदलत होती आणि म्हणूनच कागदावरील आकडे दिशाभूल करत होते. 1958 मध्ये त्यांनी या धरणावर निबंध प्रसिद्ध केला. उष्ण कटिबंधातील मातीच्या अभ्यासात तो आजही पायाभूत मानला जातो.

हा धडा दूर आफ्रिकेपुरता राहत नाही. सह्याद्रीचा कातळही ज्वालामुखीच्या लाव्ह्याचा बनलेला आहे. उष्णता आणि मुसळधार पाऊस यांच्या माऱ्याने तो कुजतो आणि त्याचा मुरूम, लाल माती किंवा जांभा बनतो. माथेरानचा माथा आणि श्रीवर्धन-म्हसळ्याकडचे सडे जांभ्याचे आहेत. जमिनीतून काढताना करवतीने कापता येणारा जांभा हवेत राहिल्यावर कठीण होतो, हे कोकणातील प्रत्येक गवंडी जाणतो. अशा लोहयुक्त मातीचा नमुना नेहमीप्रमाणे 105 ते 110 अंशांच्या भट्टीत कोरडा केला, तर तिचे गुण बदलण्याचा संभव असतो. म्हणून ती शक्यतो मूळ ओलाव्यासह, न वाळवता तपासावी आणि प्रयोगशाळेच्या आकड्याला जागेवरील चाचणीची जोड द्यावी, हे आता सर्वत्र मान्य झाले आहे.

उतारावरचे पाणी

1950 मध्ये टेरझागी यांनी दरडी कोसळण्याच्या कारणांची मीमांसा करणारा दीर्घ निबंध लिहिला. पाऊस पडल्यावर माती वंगण लागल्यासारखी घसरते, हा लोकप्रिय समज त्यांनी खोडून काढला. पावसाळी प्रदेशातील माती बहुतेक काळ ओलीच असते. मग ती दररोज का घसरत नाही? खरे कारण असे, की अतिवृष्टीत मातीच्या छिद्रांमधला पाण्याचा दाब वाढतो आणि कणांची पकड सुटते. बॉस्फरसच्या काठी लागलेला शोध इथे डोंगराच्या उतारावर येऊन उभा राहिला.

रायगड जिल्ह्याने या तत्त्वाची फार मोठी किंमत मोजली आहे. जुलै 2005 च्या अतिवृष्टीत महाड तालुक्यातील जुई, दासगाव, रोहण आणि कोंडिवते या गावांवर दरडी कोसळून दीडशेहून अधिक माणसे गाडली गेली. 22 जुलै 2021 रोजी त्याच तालुक्यातील तळिये गाव असेच संपले. 19 जुलै 2023 च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर डोंगर आला. कठीण कातळावर कुजलेल्या खडकाचा आणि मातीचा जाड थर, तीव्र उतार आणि दिवसरात्र कोसळणारा पाऊस, असे एकच चित्र या भागात पुन्हा पुन्हा दिसते. उतारात नळ्या रोवून पाण्याची पातळी मोजता येते. पाण्याला निचऱ्याची वाट करून देता येते. उताराचा पायथा खणण्यापूर्वी त्याची तपासणी करता येते. हे सारे ज्ञान पन्नासच्या दशकातच ग्रंथात आले होते. ग्रंथातून गावापर्यंतचे अंतर मात्र अजून पुरते तुटलेले नाही.

रोह्यापासून दक्षिणेकडे निघणाऱ्या कोकण रेल्वेलाही मातीने असाच हिसका दाखवला. 1990 मध्ये महामंडळ स्थापन झाले आणि जानेवारी 1998 मध्ये संपूर्ण मार्ग खुला झाला. या मार्गावर कठीण कातळातील लांबलचक बोगदे पार पडले. परंतु गोव्यातील पेडण्याच्या बोगद्यात पाण्याने भरलेल्या मऊ मातीने अभियंत्यांना सर्वाधिक जेरीस आणले. दगडापेक्षा माती अवघड असते, हे टेरझागी यांनी आयुष्यभर सांगितलेले सत्य तिथे पुन्हा सिद्ध झाले.

अखेरची वर्षे

1953 मध्ये हार्वर्डमधून निवृत्त झाल्यावरही टेरझागी थांबले नाहीत. इजिप्तच्या आस्वान धरणाच्या सल्लागार मंडळाचे ते अध्यक्ष होते. प्रकल्प सोव्हिएत अभियंत्यांच्या हाती गेल्यावर मतभेद झाले आणि 1959 मध्ये ते त्या पदावरून दूर झाले. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात अतिशय दबणाऱ्या चिकणमातीवर उभारलेले मिशन धरण हे त्यांच्या अखेरच्या मोठ्या कामांपैकी एक. 25 ऑक्टोबर 1963 रोजी मॅसॅच्युसेट्स राज्यातील विंचेस्टर येथे वयाच्या ऐंशीव्या वर्षी त्यांचे निधन झाले. 1965 मध्ये मिशन धरणाला टेरझागी यांचे नाव देण्यात आले.

स्वभावाने ते हट्टी होते, स्पष्टवक्ते होते आणि मूर्खपणा सहन करणे त्यांना जमत नसे. तरीही मातीपुढे त्यांनी कधी अहंकार दाखवला नाही. आपलेच सूत्र एखाद्या जागी चुकते आहे असे दिसले, तर ते सूत्र बाजूला ठेवून जागेवर जात. आपल्या सिद्धान्तांचा वापर डोळे झाकून होऊ लागला आहे, याची खंत त्यांना उतारवयात वाटत असे. त्यांच्या मते सिद्धान्त हा प्रश्न कसा विचारावा हे शिकवण्यासाठी असतो. उत्तर मात्र जमिनीकडूनच घ्यायचे असते.

भूस्तर तपासणीचा खर्च एकूण बांधकामाच्या तुलनेत अगदी किरकोळ असतो आणि तरीही काटकसरीची कुऱ्हाड बहुधा सर्वप्रथम त्याच्यावरच पडते. दहाऐवजी तीन बोअर घेतले जातात, एका जागेचा अहवाल शेजारच्या जागेला जोडला जातो, पावसाळ्यातील पाण्याची पातळी उन्हाळ्यात मोजली जाते. ज्या पट्ट्यात शंभर पावलांवर खाजणाचा मुरूम आणि मुरमाचा कातळ होतो, तिथे ही काटकसर परवडणारी नाही. खाडीकाठी एखादी तिवई उभी असेल, वजन आदळत असेल आणि कोणी शांतपणे ठोके मोजत असेल, तर तिथे पुढच्या पन्नास वर्षांच्या सुरक्षिततेचा हिशेब मांडला जात असतो. तो हिशेब प्रामाणिकपणे मांडला जावा, एवढीच कार्ल टेरझागी यांच्या आयुष्यभराच्या कामाची मागणी आहे.